म्हैसूरच्या होनावरील शिव-पार्वती

हुणसूरच्या बाजारात आज चालणाऱ्या नाण्यावर मुंडकोपनिषदातील ‘सत्यमेव जयते’ हे वचन असते. अडीचशे वर्षांपूर्वी याच म्हैसूर मुलखात होन चालत असे. त्यावरील श्रद्धेची खूण मात्र राज्यकर्त्याबरोबर बदलेलच असे नव्हते.

इ. स. १७६३ मध्ये हैदर अलीने बिदनूर घेतले. तेथील इक्केरीच्या नायकांच्या होनावर शिव-पार्वती असत. हैदरने ती प्रतिमा तशीच ठेवली. मागील बाजूस आपल्या नावाचे फारसी आद्याक्षर तेवढे उमटविले. सराफांचा विश्वास मोडणे परवडणारे नाही, हे त्या व्यवहारी पुरुषाने जाणले असावे. पुत्र टिपूने देवता काढल्या. त्याच्या रुपयावर अहमदाचा धर्म हैदरच्या विजयाने उजळल्याचा फारसी लेख आला. मोहरेस ‘अहमदी’, रुपयास ‘इमामी’ ही नावे मिळाली. तांब्याच्या पैशावर, म्हणजे गोरगरिबांच्या नाण्यावर, हत्ती होता.

१७९९ नंतर मुम्मडि कृष्णराज वोडेयरांच्या होनावर शिव-पार्वती परतले. तांब्यावरचा हत्तीही टिकला. त्याच्या वर कानडीत ‘श्री’ आले. शिवछत्रपतींच्या शिवराईवरील लेखाचा आरंभही याच अक्षराने होतो.