बांगडीची निशाणी

आमच्या काकांनी ऐंशी उलटल्यावर घराण्याचा इतिहास नव्याने छापायचं मनावर घेतलं आणि त्यात मी सापडले. कारण काय, तर मला मोडी येते. म्हणजे येते असं घरातल्यांना वाटतं. पुण्यात मोडीच्या वर्गाला जाऊन अक्षरं लावण्यापुरती शिकले, एवढंच. पण काकांनी एक गंजलेली पत्र्याची पेटी माझ्या हवाली केली आणि म्हणाले, "तुझ्या खापरपणजोबांच्या वेळचं आहे सगळं. बघ जरा, काही छापण्यासारखं निघतंय का."

ज्यांनी मोडी वाचायचा प्रयत्न केलाय त्यांना ठाऊक असेल. आधी कागदभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. पहिल्या दिवशी मला चार ओळींत फक्त 'शके' एवढंच वाचता आलं. :)

आमचं मूळ गाव सासवडच्या बाजूला. घराण्याच्या जुन्या छापील वंशावळीत खापरपणजोबांचं नाव आहे, त्यांच्यावर त्यांच्या वडिलांचं, मध्ये एक सरळ रेघ. खाली दोन ओळींत लिहिलंय की, या वडिलांनी इंग्रज सरकारशी झगडून आमची इनाम जमीन राखली. लहानपणापासून आम्ही हेच ऐकत आलो. दिवाळीला सगळे जमले की कुणीतरी ही गोष्ट काढायचंच.

गोष्टीला पहिला तडा गेला तो पेटीत नव्हे, नाशिकला. आत्याबरोबर तिथे गेले होते, तेव्हा सहज आमच्या तीर्थोपाध्यायांकडे डोकावलो. गाव आणि आडनाव सांगितलं की हे लोक बरोबर ती वही काढतात. कोण आलं, कुणाचा मुलगा, भाऊ किती, मुलं किती, सगळं तिथे असतं आणि खाली आलेल्या माणसाचा हात असतो. तीत शके १८१०, म्हणजे १८८८ सालचा लेख निघाला. लिहिणारे खुद्द खापरपणजोबा. आई वारली म्हणून आलो, असं लिहून पुढे वडिलांचं नाव घातलंय, आणि त्याच्या शेजारी 'जनक वडील' म्हणून दुसरंच नाव!

आत्या म्हणाली, "म्हणजे दत्तक होते गं ते!" आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

घरी आल्यावर पेटी पुन्हा उपसली. आता काय शोधायचं ते माहीत होतं, त्यामुळे दोन दिवसांत सापडलं. जाड हातकागदावरचं दत्तकपत्र, शके १७७६, म्हणजे १८५४. नवरा वारलेला, पोटी संतान नाही, म्हणून सगोत्रातला सात वर्षांचा मुलगा घेतला. लिहून देणारी अर्थातच बाई. अमकी कोम तमका (जुन्या कागदांत 'कोम' म्हणजे बायको), उमर वर्षे तेवीस.

म्हणजे ज्यांनी सरकारशी झगडून जमीन राखली म्हणून आम्ही अभिमान बाळगला, ते गृहस्थ त्या वेळी हयातच नव्हते. झगडली ती ही तेवीस वर्षांची बाई. पेटीतले पुढचे अर्ज सगळे त्या लहान मुलाच्या नावाने आहेत आणि दर अर्जात 'अज्ञान, पालन करणार आई' म्हणून हिचं नाव. ज्यांनी सातबारा बघितलाय त्यांना 'अ.पा.क.' ही अक्षरं ओळखीची असतील. त्यातलाच हा प्रकार.

हा काळ कसला होता ते लक्षात घ्यायला हवं, नाहीतर यात काय विशेष असं वाटेल. साताऱ्याचे महाराज आप्पासाहेब १८४८ साली वारले आणि कंपनी सरकारने त्यांचा दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. १८५४ साली, म्हणजे आमचं दत्तकपत्र झालं त्याच साली, झाशीचं तेच झालं. नरगुंदकर भाव्यांनाही दत्तकाची परवानगी मिळाली नाही. त्यांनी १८५८ साली बंड केलं आणि फाशी गेले. ही झाली संस्थानं. आमच्यासारख्यांच्या साध्या मालमत्तेला दत्तक चालत होता. पण इनाम म्हणजे सरकारने सारा सोडून दिलेली जमीन. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि प्रत्येकाला सनदा दाखवून आपला हक्क शाबीत करणं भाग पडलं. त्यात मधेच दत्तक निघाला की सरकारच्या हाती आयतं निमित्त.

शिवाय घरातली बाजू वेगळीच. दत्तक घेतला नसता तर जमीन भाऊबंदांकडे गेली असती. दत्तकपत्रावर गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या साक्षी आहेत, जोशीबुवांची आहे, पण सख्ख्या दिराची नाही. त्यावरून काय ते समजावं. आपल्याकडे विधवेला नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसतानाही दत्तक घेता येई, बंगालात तसं नव्हतं. मुंबईच्या उच्च न्यायालयाने ही चाल रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात मान्य केली ती १८६८ साली. आमच्या या आजीने ते चौदा वर्षं आधीच करून टाकलं होतं.

अर्ज नऊ वर्षं चालले. शेवटी १८६३ च्या कायद्यांनी ठरावीक आकार भरून इनाम कायम करून घ्यायची सोय झाली. पेटीतला शेवटचा कागद त्याच पैशांची पावती आहे.

पण मला थांबवलं ते दत्तकपत्राच्या तळाशी असलेल्या एका गोष्टीने. लिहिता न येणारे लोक त्या काळी आपली खूण काढत. कुणबी असेल तर नांगर. बायका बांगडी काढत. तशी इथे एक बांगडी आहे. बोरूने काढलेलं वाटोळं, जरासं वाकडं, आणि जिथे सुरुवात केली तिथे शेवट नीट जुळलेला नाही. शेजारी लेखकाने लिहिलंय, 'निशाणी बांगडीची'. नवरा गेलेल्या बाईचा हात म्हणजे रिकामा हात. त्या हाताने कागदावर बांगडी काढली. मी तो कागद किती वेळ तसाच धरून बसले होते कोण जाणे.

काकांना सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, म्हणजे वरच्या सात पिढ्या आपल्या नाहीतच?"

मी म्हटलं, "काका, आपल्याच की. तिने जोडून दिल्यात."

"हे छापायलाच हवं का पण? लोक काय म्हणतील?"

मला रागही आला आणि त्यांचं वाईटही वाटलं. ऐंशी वर्षं एका माणसाची गोष्ट सांगितली आणि आता तो माणूस तिथे नव्हताच म्हणायचं. मी त्यांना नाशिकच्या वहीच्या लेखाची नक्कल दाखवली. म्हटलं, "ज्यांना दत्तक घेतलं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. त्यांना लाज वाटली नाही. वंशावळ छापणाऱ्यांनी ते गाळलं." काका त्यावर काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. नव्या वंशावळीत दत्तक म्हणून खूण घालायची आणि त्या आजीचं नाव वर, नवऱ्याच्या शेजारी, तेवढ्याच टाइपात घ्यायचं. "आणि ती बांगडी छापता येईल का बघ," म्हणाले. मग जरा थांबून, "तुझंही नाव घालतोय. जुन्या पद्धतीने मुली गाळल्या तर तू मला मोडीत शिव्या लिहून पाठवशील."

ज्या इनामासाठी एवढं चाललं, ते १९५२ च्या कायद्याने गेलं. जमीन कसणाऱ्यांची झाली, तेही योग्यच झालं. राहिलो आम्ही, पाच शहरांत नि दोन परदेशांत विखुरलेले, सगळे त्या सात वर्षांच्या मुलाचे.

आजीचं नाव मी इथे मुद्दामच लिहीत नाही. इतकी वर्षं ते कुठेच छापलं गेलं नाही, तेव्हा पहिल्यांदा काकांच्या पुस्तकातच यावं, असं आमचं ठरलंय. नातेवाइकांपैकी जे कुणी हे वाचतील त्यांना एक विनंती. माळ्यावर एखादी पेटी असेल तर रद्दीत घालण्याआधी एकदा मला कळवा. मोडी वाचायला वेळ लागतो माझा, पण लागते हळूहळू.