बिडाचे खांब आणि मागचे दार

मी दारू पीत नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे. कारण गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी मी मुंबईतले जुने बार पाहत हिंडतो आहे आणि ओळखीची माणसे त्याचा भलताच अर्थ लावतात. एका मित्राने तोंडावरच विचारले, "काय रे, बाबासाहेबांची प्रतिज्ञा विसरलास का?" विसरलो नाही. माझ्या आजोबांनी १९५६ साली नागपुरात ती घेतली आणि मरेपर्यंत पाळली. माझ्या बापानेही त्यांच्याबरोबर घेतली, पण त्याला ती पाळता आली नाही.

बाप फोर्टात झाडूवाला होता. दिवस उगवायच्या आत हॉटेलांच्या मागच्या गल्ल्या झाडायच्या, हे त्याचे काम. शहरातले सगळे नामांकित बार त्याला ठाऊक होते, पण मागच्या बाजूने. कुठल्या दारातून किती बाटल्या निघतात, कुठे बर्फाचा भुसा पडतो, कुठे खरकटे जास्त, हे तो बिनचूक सांगे. पुढचे दार मात्र त्याने कधी ओलांडले नाही. ते दार आपण पाहावे, एवढ्यासाठी मी निघालो. पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. इतिहासाची पुस्तके पुष्कळ गोष्टी दडवतात, इमारतीला ते साधत नाही. कोणाला आत घ्यायचे, कोणाला बसवायचे आणि कोणाला उभे ठेवायचे, हे दगड-लोखंडातच ठरवून टाकलेले असते.

सुरुवात काळ्या घोड्यापासून केली. तिथली एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल. १८६७ ते १८६९ या काळात ते उभे राहिले. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज इंजिनिअरचा. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडात ओतल्या, जहाजाने मुंबईला आणल्या आणि इथे एकमेकींत जोडल्या. लोखंडाचा सगळा सांगाडा असा उघडा ठेवलेली इमारत लोकांनी तोवर पाहिली नव्हती. तळमजल्यावर उपाहारगृह व बार, मध्ये काचेच्या छताखाली नाचाचा दिवाणखाना, वर १३० खोल्या. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली ती इथेच. आणि प्रवेश फक्त गोऱ्यांना.

या हॉटेलच्या दारातून जमशेटजी टाटांना परत पाठवले आणि त्या रागातून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी की रचलेली, याविषयी वाद आहे. मला त्या वादापेक्षा तिची लोकप्रियता महत्त्वाची वाटते. मोठ्या माणसाचा अपमान झाला की त्याची कथा होते आणि त्या कथेला घुमट चढतो. ज्यांनी जहाजातून ते बिडाचे खांब उतरवले, पाठीवर वाहिले, त्यांनाही त्या दारातून आत जाता येत नव्हते. त्यांचा अपमान मात्र कोणी मोजला नाही, कारण त्यांच्या बाबतीत तो रोजचाच होता. गोऱ्याच्या दारात आपल्याला मज्जाव होतो याची चीड वरच्या वर्गाला आली, ती योग्यच होती. पण तोच मज्जाव आपल्या विहिरीवर, आपल्या देवळात आपण रोज करतो, हे त्यातल्या कितीजणांना सुचले?

वॉटसनची आज रया गेली आहे. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांतून वकिलांची आणि इतरांची कार्यालये आली. २००५ साली दर्शनी बाजूचा काही भाग कोसळला, २०१९ साली इमारत रिकामी करण्यात आली. मी रस्त्यावरूनच तिचे खांब पाहिले. गोऱ्यांचे राज्य गेले, बार गेला. खांब अजून उभे आहेत.

तिथून ताज. १६ डिसेंबर १९०३ रोजी ते उघडले. आराखड्याचे काम सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे, ते पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरे केले. वैद्यांचे नाव आपल्या लोकांना फारसे ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत ६०० खाटांचे इस्पितळ होते. आणि १९३३ साली इथे हार्बर बार सुरू झाला. शहरातला पहिला परवानाधारक बार अशी त्याची ख्याती आहे. हे साल वाचले आणि मी मनाशी हिशेब केला. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी आम्ही प्यायलो, म्हणून आमची डोकी फोडली गेली. त्यानंतर सहा वर्षांनी इथे दारूचे पेले किणकिणू लागले. एकाच मुलखातली, एकाच राज्यकर्त्यांखालची ही दोन सालं. मी आत गेलो तेव्हा दरवानाने सलाम केला. आयुष्यात पहिल्यांदा मला सलाम स्वीकारणे जड गेले. लिंबू-सोडा मागवला आणि खिडकीतून समुद्राकडे पाहत बसलो.

कुलाब्याच्या रस्त्यावर लिओपोल्ड आहे, १८७१ पासूनचे, इराण्यांनी काढलेले. उंच छत, पंखे, टेबलाला टेबल लागलेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा भिंतीवर जपून ठेवल्या आहेत. त्या पाहायला देशोदेशीची माणसे येतात. मी मात्र नावापाशी अडलो. हे नाव बेल्जियमच्या राजावरून आले असे सांगतात. १८७१ साली तिथे दुसरा लिओपोल्ड गादीवर होता. पुढे १८८५ ते १९०८ या काळात काँगो ही त्याची खाजगी मालमत्ता होती. तिथे रबरासाठी काळ्या माणसांचे हात तोडले गेले. हॉटेलचे नाव त्याआधीचे, तेव्हा ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही. पण भिंतीवरच्या गोळ्या वाचणाऱ्याने पाटीही वाचावी, एवढेच.

मग १९५० साल आले. जानेवारीत संविधान अमलात आले. त्याच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचे दार जातीच्या कारणावरून कोणालाही बंद करता येणार नाही असे ठरवले. आणि त्याच वर्षी मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. दार आम्हाला उघडले आणि आतला बार बंद झाला! अर्थात सगळ्यांना नव्हे. प्रकृतीसाठी दारू हवी असा डॉक्टरचा दाखला मिळवणाऱ्याला परवाना मिळे. त्यातूनच 'परमिट रूम' ही पाटी जन्माला आली. पुढे बंदी सैल झाली तरी पाटी राहिली. दाखला काढण्याइतका पैसा आणि ओळख नसलेल्याला मात्र हातभट्टी होती.

माझा बाप त्यातला. नंतर सरकारमान्य देशी दारूचे दुकान आमच्या चाळीच्या नाक्यावर आले, त्याचा तो गिऱ्हाईक झाला. त्या दुकानाची वास्तुकला कोणी लिहिलेली नाही, म्हणून मी लिहितो. पत्र्याचे छप्पर. खिडकी नाही. कमरेइतका लांब ओटा, त्यावर मीठ आणि चणे. बाक एकही नाही. प्यायचे ते उभ्याने, घटाघट, आणि बाहेर पडायचे. हार्बर बारची खुर्ची माणसाला सांगते, बस, तुझा वेळ मोलाचा आहे. तो ओटा सांगत होता, पैसे टाक आणि चालू लाग. जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ती याच ओट्याच्याही खालच्या पायरीवरची माणसे होती.

दारूचे समर्थन मला करायचे नाही. महाडला १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी बायांना सांगितले होते, नवरा-मुलगा पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. माझ्या आईने ते कितीदा तरी अमलात आणले, आणि मग मध्यरात्री उठून ताट वाढले. पण माझ्या बापाला दारूने जेवढे झिजवले, तेवढेच त्या उभ्या ओट्याने आणि मागच्या गल्लीने झिजवले, हेही मला विसरता येत नाही.

परवा फोर्टातल्या एका जुन्या बारच्या मागच्या गल्लीत मी शिरलो. बाटल्यांच्या क्रेटवर बसून एक पोरगा डबा खात होता. मला पाहून म्हणाला, "साहेब, दार पुढल्या बाजूला."

"माहीत आहे," मी म्हटले. "इमारत बघतोय."

"मागून काय बघायचं? सगळं पुढंच हाय."

त्याच्या पाठीमागे बिडाचा एक खांब होता, पुढच्या खांबांसारखाच. फक्त त्याला रंग दिलेला नव्हता. छताचे ओझे मात्र तोही तेवढेच पेलत होता.