डेटाबेस परवाने, मुक्तस्रोत

संगणकातील माहितीची साठवण, मांडणी व शोध यांची व्यवस्था पाहणाऱ्या आज्ञावलीस डेटाबेस प्रणाली म्हणतात. अशा प्रणालीची मूळ संहिता खुली करून तिचा वापर, फेरफार व वितरण करण्याची मुभा ज्या अटींवर दिली जाते, त्या अटींचा लेख म्हणजे मुक्तस्रोत परवाना होय. संहिता विनामूल्य मिळाली, तरी तिच्या आधारे स्वतःची आज्ञावली तयार करून विकणाऱ्या व्यावसायिकावर कोणते बंधन येते, हा या परवान्यांच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

दोन परंपरा : पहिली परंपरा अमेरिकेतील विद्यापीठांत वाढली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये पोस्टग्रेस प्रकल्प हाती घेतला; १९९६ मध्ये त्यास पोस्टग्रेसक्यूएल हे नाव मिळाले. प्रताधिकाराची सूचना व हमी नाकारणारा मजकूर कायम ठेवला, की ही प्रणाली बंदिस्त संहितेच्या विक्रेय आज्ञावलीतही समाविष्ट करता येते. दुसरी परंपरा रिचर्ड स्टॉलमन यांच्या जनरल पब्लिक लायसन्सची (जीपीएल) होय. १९८९ मध्ये हा परवाना प्रथम प्रसिद्ध झाला व १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. तदनुसार मूळ कृतीवर आधारित कृतीचे वितरण करणाऱ्याने तिची संहिता त्याच अटींवर उपलब्ध करून द्यावी लागते. संस्थेतील अंतर्गत वापरास हे बंधन लागू होत नाही. ते वितरणाबरोबर उद्भवते.

द्विपरवाना पद्धती : मायकेल विडेनियस, डेव्हिड ॲक्समार्क व ॲलन लार्सन यांनी १९९५ मध्ये स्वीडनमध्ये मायएसक्यूएलची स्थापना केली. २००० मध्ये ही प्रणाली जीपीएलखाली आली. संहितेचा प्रताधिकार कंपनीकडेच असल्याने तिला एकच कृती दोन परवान्यांखाली देता आली : संहिता खुली करणाऱ्यांस विनामूल्य, तर ती गुप्त ठेवू इच्छिणाऱ्यांस शुल्क आकारून. पुढे अन्य आज्ञावलींना डेटाबेसशी जोडणारे ग्रंथालयही जीपीएलखाली आणले गेले. त्यामुळे भिन्न परवान्याच्या पीएचपी या भाषेसमोर अडचण उभी राहिली व २००४ मध्ये कंपनीला मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी विशेष सवलत जाहीर करावी लागली. तत्पूर्वी, २००२ मध्ये, न्यूस्फिअर कंपनीविरुद्धच्या दाव्यात अमेरिकी न्यायालयाने व्यापारचिन्हापुरता अंतरिम मनाई हुकूम दिला. जीपीएलभंगाच्या मुद्द्यावर मात्र तो नाकारला. पुढे हा वाद तडजोडीने मिटला आणि मूळ प्रश्न अनिर्णित राहिला.

सन मायक्रोसिस्टिम्सने २००८ मध्ये सु. १ अब्ज डॉलरना मायएसक्यूएल विकत घेतली व २०१० मध्ये सनच ओरॅकल कंपनीकडे गेली. स्पर्धक कंपनीच्या हाती प्रताधिकार जाणार, या चिंतेतून विडेनियस यांनी २००९ मध्ये त्याच संहितेवरून मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा काढली. जीपीएलमुळे हे शक्य झाले. परंतु संहिता गुप्त ठेवण्याचा परवाना विकण्याचा अधिकार मूळ धारकाकडेच राहिला.

सेवारूप वापर : पुढील काळात मोठ्या कंपन्या डेटाबेसचे वितरण न करता दूरस्थ संगणकांवरून त्याची सेवा विकू लागल्या. वितरण नसल्याने जीपीएलचे बंधन लागू होईना. या कारणास्तव मोंगोडीबीने २०१८ मध्ये सर्व्हर साइड पब्लिक लायसन्स हा परवाना स्वीकारला. त्यानुसार प्रणाली सेवा म्हणून देणाऱ्याने ती सेवा चालविणाऱ्या पूरक आज्ञावलींची संहिताही खुली करावी लागते. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने तो मुक्तस्रोत परवाना नसल्याचे २०२१ मध्ये स्पष्ट केले. रेडिसनेही मार्च २०२४ मध्ये आपला उदार परवाना सोडला. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाने वॅल्की ही शाखा निघाली. २०२५ मध्ये रेडिसने जीपीएलचाच एक प्रकार असलेल्या एजीपीएल या मुक्तस्रोत परवान्याचा पर्याय पुन्हा उपलब्ध केला.

प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीची मुभा तिच्या अटी पाळणाऱ्याकडे टिकून राहते. पुढील आवृत्तीच्या अटी मात्र बदलू शकतात, असे या घटनांवरून दिसते. पोस्टग्रेसक्यूएलचे नियंत्रण कोणा एका कंपनीकडे नसल्याने तेथे असा बदल झालेला नाही. म्हणून व्यावसायिक आज्ञावलीकाराने डेटाबेस निवडताना परवान्याच्या शब्दांइतकाच प्रकल्पावरील स्वामित्वाचाही विचार करणे अगत्याचे ठरते.