केडगावचे दीड तप: पंडिता रमाबाई आणि हाती धरलेले एक काम

१/ पुणे–सोलापूर महामार्गाने यवत मागे टाकून वरवंडकडे निघालात, की वाटेत चौफुला लागतो. तेथून डावीकडे वळणारा रस्ता केडगावला जातो. या गावी एका विदुषीने आयुष्याच्या उत्तरार्धात एक काम हाती घेतले आणि जवळजवळ दीड तप ते सोडले नाही. आजचा थ्रेड त्या कामाविषयी.

२/ पंडिता रमाबाईंचे चरित्र आपण बहुधा तीन शब्दांत उरकतो: पांडित्य, शारदा सदन, मुक्ती मिशन. त्यांच्या अभ्यासाची रीत मात्र क्वचितच सांगितली जाते. ‘वेळ मिळत नाही’ आणि ‘मन लागत नाही’ या विद्यार्थ्यांच्या दोन सनातन तक्रारी. रमाबाईंपाशी दोन्ही सबबी भरपूर होत्या, म्हणून ही रीत पाहण्याजोगी आहे.

३/ जन्म २३ एप्रिल १८५८, सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे. वडील अनंतशास्त्री डोंगरे. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी स्वजनांचा रोष पत्करला होता. रमाबाई शिकण्याजोग्या झाल्या तोवर अनंतशास्त्री वृद्ध झाले होते. तेव्हा मुलीचे अध्यापन आईकडे आले.

४/ आईचा दिवस घरकामाने भरलेला. उरली ती पहाट. झोपलेल्या मुलीला अंथरुणावरून उचलून ती लाडाने जागी करी आणि रानात पाखरे बोलू लागत असताना तिच्याकडून पाठ म्हणवून घेई. हाती पुस्तक नसे, सारे मुखोद्गत. ही आठवण पुढे रमाबाईंनीच लिहून ठेवली.

५/ या शिस्तीची कसोटी लवकरच लागली. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. बंधू श्रीनिवास यांच्यासह रमाबाई देशभर पायी हिंडल्या. अंगावरच्या वस्त्रांखेरीज फारसे काही उरले नव्हते. पण पहाटे पाठ केलेले सोबत होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेतली, ती याच शिदोरीची. तेथे त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाध्या मिळाल्या.

६/ पुढे विवाह आणि अल्पावधीतच वैधव्य. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वैद्यक शिकण्याचा मानस होता, परंतु श्रवणशक्ती क्षीण झाल्याने तो सोडावा लागला. मग चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या एकीकडे संस्कृत शिकवू लागल्या आणि दुसरीकडे स्वतः गणित, विज्ञान शिकू लागल्या.

७/ १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढे ते पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग शिरला. तेव्हा आधीच घेऊन ठेवलेली केडगावची जमीन उपयोगी पडली. १९०० च्या आसपास तेथे सुमारे दोन हजार स्त्रिया व मुले राहत होती.

८/ दोन हजार माणसांचे जेवण, पाणी, आजारपण, शाळा, शेती, विणकाम. एवढ्या रहाटगाडग्यात रमाबाईंनी संकल्प केला, तो समग्र बायबल मूळ भाषांतून सोप्या मराठीत आणण्याचा. प्रचलित भाषांतराची मराठी आपल्या आश्रमातील खेडवळ स्त्रियांना जड जाते, हे त्या रोज पाहत होत्या.

९/ मूळ भाषा म्हणजे हिब्रू आणि ग्रीक. वयाची पंचेचाळिशी ओलांडलेली, ऐकू कमी येणारे. तरीही त्यांनी या भाषांचा अभ्यास मांडला. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. लिपीपासून सारे नवे. शिकता शिकता त्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत सिद्ध केले. जे शिकलो ते दुसऱ्याला शिकवता येईल असे मांडून ठेवायचे, ही जुनी शास्त्रीय शिस्त येथेही दिसते.

१०/ आता मुद्द्याचे. एकाग्रतेसाठी त्या कोठे एकांतात गेल्या नाहीत. कारभाराचा बराच भार कन्या मनोरमा आणि सहकारी स्त्रियांवर सोपवून त्यांनी स्वतःच्या टेबलासाठी वेळ राखला. आश्रमाचा छापखाना होताच. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे तेथील मुली करीत. एकटीचा संकल्प अशा रीतीने घराच्या दिनक्रमात बसला. मनाचा निग्रह कधी ढळतोच. ढळलेल्या दिवशी काम पुढे नेते ती अशी घडी.

११/ दुसरा निग्रह भाषेचा. जिची ख्याती संस्कृतावर उभी होती, तिने या अनुवादात संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. आपल्याला सर्वांत सहज येणारी गोष्ट वाचणारीसाठी बाजूला ठेवणे पहाटे उठण्याहून कठीण असते.

१२/ याला समांतर उदाहरण अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात सापडते. ज्युलिया स्मिथ यांनी संपूर्ण बायबल एकहाती भाषांतरित करून १८७६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना शेतावरच्या घराचा निवांतपणा लाभला होता. रमाबाईंच्या भोवती मात्र एक अख्खे गाव नांदत होते.

१३/ जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती संस्था द्यायची, ती एकुलती मुलगी. रमाबाईंची प्रकृतीही खालावली होती. तरी प्रुफे तपासणे थांबले नाही. ते काम संपत आले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचा अंत झाला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून बाहेर पडला. तो पाहायला मायलेकी दोघीही नव्हत्या.

१४/ हा अनुवाद सर्वत्र रूढ झाला, असे म्हणता येत नाही. मराठी ख्रिस्ती समाजात इतर भाषांतरेच अधिक चालली. शिस्त काम तडीस नेते. यशाची हमी तिच्यापाशी नसते. रमाबाईंच्या श्रद्धेशी आपण सहमत असू वा नसू, आपल्या टेबलावरचे अपुरे काम पाहताना हे दीड तप आठवावे.

१५/ वरवंड, पाटस, दौंडकडे जाणे झाले, तर चौफुल्यावरून थोडी वाट वाकडी करा. मुक्ती मिशन आजही केडगावात उभे आहे.