डावा हात, उजवा हात : रीटा आणि जॉन कॉर्नफोर्थ

नमस्कार मैत्रिणींनो. आत्ता आपण हात जोडले, तेव्हा दोन्ही तळवे समोरासमोर अगदी नीट बसले. बोटाला बोट, अंगठ्याला अंगठा. आता एक गंमत करून बघा. दोन्ही तळवे जमिनीकडे करा आणि एक हात दुसऱ्यावर ठेवा. अंगठे दोन बाजूंना गेले ना? दोन्ही हात दिसायला सारखे. पण डावा तो डावा आणि उजवा तो उजवा. आरशात बघितलं तरच डाव्याचा उजवा होतो.

आजची गोष्ट या डाव्या-उजव्याची आहे. ती एका रसायनशास्त्रज्ञाची आहे आणि त्याच्या बायकोचीही आहे, कारण तीसुद्धा रसायनशास्त्रज्ञच होती.

प्रत्येक पदार्थ बारीक बारीक कणांचा बनलेला असतो. त्या कणांना रेणू म्हणतात. काही रेणू आपल्या हातांसारखे असतात. त्यांचे दोन प्रकार निघतात, एक डावा आणि एक उजवा. दोन्हींत सामान तेच आणि तेवढंच, फक्त मांडणी आरशातल्यासारखी उलटी. अशा रेणूंना कायरल म्हणतात. ग्रीक भाषेतल्या 'हात' या शब्दावरून ते नाव पडलं.

याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. बाळंतिणीला आपण बाळंतशोपा देतो. चटणीत पुदिना घालतो. दोन्हींच्या वासात कार्व्होन नावाचा एकच पदार्थ असतो. पण शोप्यातला कार्व्होन एका हाताचा आणि पुदिन्यातला दुसऱ्या हाताचा. आपल्या नाकाला तो फरक लगेच कळतो. डावी चप्पल उजव्या पायात घातली की पायाला कळतं, तसंच हे.

हा डावा-उजवा फरक पहिल्यांदा हाताने वेगळा करून दाखवला तो फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी, 1848 साली. तेव्हा ते पंचविशीत होते. चिंचेला आंबटपणा देणारं टार्टारिक आम्ल द्राक्षाच्या दारूच्या पिंपांतही साचतं. त्याच जातीच्या एका आम्लापासून केलेल्या मिठाचे खडे पाश्चर यांनी भिंगाखाली बघितले. काही खड्यांचा आकार एका बाजूला झुकलेला, काहींचा दुसऱ्या. तांदूळ निवडावेत तसे त्यांनी ते चिमट्याने निवडून दोन ढीग केले. एका ढिगाचं पाणी प्रकाशाला डावीकडे वळवत होतं, दुसऱ्याचं उजवीकडे.

पण एक प्रश्न उरलाच. आपल्या शरीरात रोज हजारो पदार्थ तयार होतात. तिथे डावं-उजवं कोण निवडतं आणि कसं? या प्रश्नाच्या एका मोठ्या भागाचं उत्तर ज्यांनी शोधलं, ते जॉन कॉर्नफोर्थ.

जॉन यांचा जन्म 1917 चा, ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरातला. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. कानाच्या आतल्या हाडाचा तो आजार हळूहळू वाढत गेला आणि विशीपर्यंत ऐकू येणं पूर्ण बंद झालं. अशा मुलाने पुढे करायचं काय? त्यांच्या शाळेतले एक शिक्षक, लेनर्ड बॅसर, यांनी त्यांना रसायनशास्त्राची वाट दाखवली. तिथे डोळे आणि हात चांगले लागतात, कान नसले तरी निभावतं. चौदाव्या वर्षी जॉन यांनी घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत स्वतःची छोटी प्रयोगशाळा मांडली.

सोळाव्या वर्षी ते सिडनी विद्यापीठात गेले. वर्गात प्राध्यापक काय बोलतात ते त्यांना ऐकू येत नसे. मग त्यांनी पुस्तकं आणि मूळ शोधनिबंध वाचून अभ्यास केला. बरेचसे निबंध जर्मन भाषेत होते, तेही वाचले. 1937 साली ते पहिल्या वर्गात, विद्यापीठाचं पदक मिळवून पास झाले.

याच विद्यापीठात रीटा हॅराडेन्स शिकत होत्या. त्या जॉन यांच्या एक वर्ष पुढे होत्या. एकदा त्यांच्या हातून प्रयोगाचं काचेचं एक महागडं भांडं मोडलं. जॉन यांना काच तापवून, फुंकून जोडता येत असे. रीटा ते भांडं घेऊन त्यांच्याकडे गेल्या आणि त्यांनी ते जोडून दिलं. दोघांची ओळख अशी झाली.

परदेशी जाऊन संशोधन करण्यासाठी तेव्हा एक मोठी शिष्यवृत्ती होती. ती वर्षाला दोघांनाच मिळत असे. 1939 साली एक जॉन यांना मिळाली आणि दुसरी रीटा यांना. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. रीटा कुणाची बायको म्हणून गेल्या नाहीत, स्वतःच्या गुणांवर गेल्या. दोघं इंग्लंडला निघाले आणि वाटेत असतानाच दुसरं महायुद्ध सुरू झालं. ऑक्सफर्डला दोघांनी रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली काम केलं. 1941 साली त्यांचं लग्न झालं. युद्धाच्या काळात जखमी माणसांचे जीव पेनिसिलिनवर वाचत होते. ते पेनिसिलिन नेमकं कशाचं बनलंय, हे शोधण्याच्या कामात दोघांनीही हातभार लावला. पुढे त्यांना तीन मुलं झाली.

युद्धानंतर जॉन लंडनच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेत गेले. तिथे जॉर्ज पोपयाक नावाचे शास्त्रज्ञ त्यांना भेटले आणि कोलेस्टेरॉलचं काम सुरू झालं.

कोलेस्टेरॉल म्हटलं की आपल्याला हृदयाचा आजार आठवतो. पण शरीराला ते लागतंच. पाळी येणं, गर्भ टिकणं हे ज्या संप्रेरकांवर चालतं, ती शरीर कोलेस्टेरॉलपासूनच बनवतं. अन्न पचवणारं पित्तही त्यातूनच होतं. आणि आपलं यकृत हे कोलेस्टेरॉल तयार करतं ते व्हिनेगरमध्ये असतो तसल्या साध्या आम्लाच्या छोट्या तुकड्यांपासून. एकेक मणी ओवत जावा, तसे ते तुकडे जोडले जातात.

ही माळ ओवताना वाटेत चौदा ठिकाणी असे फाटे येतात की पुढचं पाऊल डावीकडे पडेल किंवा उजवीकडे. एका फाट्याला दोन वाटा. दोन फाट्यांना चार. तीनला आठ. असं दुप्पट करत चौदाव्या फाट्यापर्यंत जा, आकडा येतो 16,384. एवढ्या वाटांपैकी शरीर एकच वाट धरतं, आणि दर वेळी तीच धरतं. ती कोणती, हे कॉर्नफोर्थ आणि पोपयाक यांना शोधायचं होतं.

अडचण मोठी होती. बऱ्याच फाट्यांवर दोन हायड्रोजनपैकी एक गळून पडतो. पण दोन्ही हायड्रोजन जुळ्या बहिणींसारखे, अगदी एकसारखे. कोणता गेला आणि कोणता राहिला हे ओळखायचं कसं? जुळ्यांपैकी एकीच्या वेणीला लाल रिबीन बांधली की ती ओळखू येते. तसंच त्यांनी केलं. हायड्रोजनचा एक जड भाऊबंद असतो, ड्यूटेरियम. एका ठरावीक जागी साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम बसवलेले रेणू त्यांनी मुद्दाम तयार केले. ते उंदराच्या यकृतातून काढलेल्या विकरांना दिले. विकर म्हणजे शरीरातली ही जोडकामं करणारे कारागीर. मग शेवटी जे तयार झालं त्यात ती खूण उरली की गेली, ते तपासलं.

1962 साली दोघं इंग्लंडमधल्या केंट परगण्यात एका नव्या प्रयोगशाळेत गेले. तिथे याहून अवघड काम झालं. काही ठिकाणी तीन हायड्रोजन एकाच कार्बनला चिकटलेले असतात. तिथे दोन खुणा लागतात. म्हणून एक साधा हायड्रोजन, एक ड्यूटेरियम आणि एक ट्रिशियम, असे तीन वेगळे वापरून त्यांनी डावं आणि उजवं असं दोन प्रकारचं आम्ल बनवलं. साध्या डोळ्यांना दोन्ही सारखंच. 1969 साली हे काम प्रसिद्ध झालं.

असे रेणू बाजारात मिळत नाहीत. ते टप्प्याटप्प्याने, हाताने घडवावे लागतात. एका टप्प्यावर चूक झाली की मागचं सगळं वाया. त्या कामात रीटा यांचा हात होता. त्या लंडनलाही जॉन यांच्याबरोबर प्रयोगशाळेत होत्या आणि केंटलाही. शिवाय जॉन ओठांच्या हालचालीवरून बोलणं ओळखत. बाहेरच्या माणसांशी बोलताना अडलं की रीटा मध्ये दुवा होत.

1975 साली जॉन कॉर्नफोर्थ यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. निम्मं त्यांना आणि निम्मं व्लादिमिर प्रेलॉग यांना. प्रेलॉगही डाव्या-उजव्या रेणूंवरच काम करत. त्या यादीत रीटा यांचं नाव नाही.

पण नोबेल मिळालेल्याला आपली जीवनकथा थोडक्यात लिहून द्यावी लागते. जॉन यांनी ती लिहिली, तेव्हा त्यात स्वच्छ शब्दांत नोंदवलं की माझ्या सगळ्या संशोधनात सगळ्यात जास्त काळ साथ देणारी सहकारी माझी पत्नी आहे. तिच्या हातातल्या कौशल्याने या कामात मोठी भर घातली आणि बहिरेपणाच्या अडचणी तिच्यामुळे हलक्या झाल्या. त्यांनी 'घर सांभाळलं' एवढंच लिहून विषय संपवला नाही. प्रयोगातलं कौशल्य लिहिलं. ते लिहिलं नसतं, तर आज आम्ही तुम्हाला ही गोष्ट एका माणसाची म्हणून सांगितली असती.

नोव्हेंबर 2012 मध्ये रीटा गेल्या. लग्नाला 71 वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी डिसेंबरात, 96 व्या वर्षी, जॉनही गेले.

आता घरातलं औषधाचं पाकीट बघा. थायरॉइडची गोळी कुणी घेत असेल तर त्यावर 'लेव्होथायरॉक्सिन' लिहिलेलं असेल. लेव्हो म्हणजे डावा. दवाखान्यात सलाईनच्या बाटलीवर 'डेक्स्ट्रोज' लिहिलेलं असतं. डेक्स्ट्रो म्हणजे उजवा. ही नावं लॅटिन भाषेतून आली आहेत.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत वही उघडाल, तेव्हा एक करा. पापडाची ऑर्डर पुरी झाली, एवढंच लिहू नका. डाळ कुणी निवडली, पीठ कुणी कुटलं, बाजारात कोण गेलं, हिशेब कुणी धरला, तेही नावानिशी लिहा. लिहिता येत नसेल तिचंही नाव घाला. पुढे कर्जाचा अर्ज करताना किंवा प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं हे ठरवताना ती वही समोर येते, आणि तिथे कामाबरोबर नाव असावं लागतं.

पुन्हा भेटूच. नमस्कार.