चांद्याचा ओरखडा

कोडोलीहून वारणेकडे उतरत गेले की काळी राने लागतात. वैशाखात पाणी न मिळालेल्या रानाला भेगा पडतात, त्या एकमेकींना मिळतात आणि सारे रान पाच-सहा कोनांच्या तुकड्यांत वाटले जाते. मृगाचा पाऊस झाला की माती फुगून भेगा मिटतात. आपल्याकडे हे काम ऊन आणि ओल करते. सैबेरियात ते थंडी करते. फरक इतकाच की तेथे भेग मिटत नाही. हिवाळ्यात जमीन आकसून तडकते, उन्हाळ्याच्या तोंडाशी वितळलेले पाणी तड्यात उतरून गोठते आणि पुढल्या हिवाळ्यात पुन्हा त्याच जागी तडा जातो. शेकडो वर्षे असे चालले की भेगेत बर्फाची जाड पाचर तयार होते, आणि उंचावरून पाहणाराला मैलोगणती बहुकोनी वाफे दिसतात.

ही जमीन किती खोल गोठलेली असते? याकुत्स्कमधील शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याला पाण्यासाठी विहीर हवी होती. 1828 च्या सुमारास सुरू झालेले खोदकाम 116 मीटर खोल गेले, तरी हाती लागली ती गोठलेली भूमीच. पाण्याच्या दृष्टीने विहीर फुकट गेली; पण पुढे मिडेनडॉर्फ या संशोधकाने तिच्यात निरनिराळ्या खोलीवर उष्णतामापक ठेवून मोजणी केली, आणि शास्त्राला ती फळली.

असली थंडी आपल्या भूमीने कधी पाहिली होती काय? हा प्रश्न 1856 साली ओरिसातल्या तालचेर संस्थानात उभा राहिला. विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे पंचविशीच्या आतले दोघे भाऊ आणि त्यांचे सहकारी थिओबाल्ड तेथे कोळशाच्या थरांची पाहणी करीत होते. सर्वांत खालच्या थरात त्यांना मऊ, बारीक गाळात मोठमोठे धोंडे रुतलेले आढळले. कोडे साधे, पण अवघड होते. धोंडे वाहून आणील इतक्या जोराचे पाणी बारीक गाळ टिकू देणार नाही. आणि गाळ निवळून बसेल इतक्या संथ पाण्याला धोंडा हलणार नाही. मग धोंडे आणले कोणी? या तरुणांनी उत्तर दिले : बर्फाने. त्यांनी योजलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ होतो ‘जमिनीचा बर्फ’. आज तो शब्द सैबेरियासारख्या गोठलेल्या मातीतल्या बर्फाला लावतात. त्यांना अभिप्रेत होता तो नदीच्या काठा-तळाशी गोठणारा, दगडांना धरून तरंगत जाणारा बर्फ. (यांपैकी हेन्री पुढे 1875 मध्ये हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला.)

तर्क पक्का होता; पण उष्ण कटिबंधात बर्फ म्हणजे ऐकणाऱ्याने भुवया उंचावाव्यात अशीच गोष्ट. हवी होती बर्फाने स्वतः मागे ठेवलेली खूण. ती मिळाली महाराष्ट्रात. 1872 साली चांद्यापासून काही मैलांवर, इरई गावाजवळ पैनगंगेच्या पात्रात फ्रान्सिस फेडेन यांना त्याच जातीचा धोंड्यांचा थर दिसला. त्याच्या खालचा चुनखडक घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर समांतर ओरखडे होते. थरातल्या धोंड्यांवरही तशाच रेघोट्या होत्या. सरकत्या बर्फाच्या तळाशी गच्च धरलेले दगड खालच्या खडकावर घासले जातात, तेव्हा अशा रेघा उमटतात. वाहत्या पाण्याने खडक गुळगुळीत होतो, पण अशा सरळ रेघा आखल्या जात नाहीत. 1875 मध्ये फेडेन यांनी हे प्रसिद्ध केले. माझ्या मते या शोधाचे मोल आपण मराठी माणसांनी पुरतेसे ओळखलेले नाही. चांदा म्हटले की आपल्याला कोळसा, किल्ला आणि ऊन एवढेच आठवते.

तसेच थर दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही सापडले. आज सागरांनी दूर केलेल्या या देशांत एकाच काळी बर्फ कसा? जर्मन शास्त्रज्ञ वेगेनर यांनी 1912 मध्ये भूखंड सरकतात असे मांडले, तेव्हा हे थर त्यांच्या कामी आले. हे सारे देश एकत्र जोडून दक्षिण ध्रुवाच्या आसपास ठेवले की कोडे सुटते. चांद्याचा तो बर्फ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. कोडोलीच्या काळ्या रानाखालचा लाव्हाचा खडक अवघा साडेसहा कोटींचा. मधल्या काळात आपली भूमी ध्रुवाकडून उत्तरेकडे निघाली होती.

त्या जोडलेल्या महाखंडाला ऑस्ट्रियाचे सुएस यांनी 1885 मध्ये ‘गोंडवनभूमी’ हे नाव दिले. ते आले येथल्याच खडकांना भूगर्भशास्त्रज्ञांनी लावलेल्या गोंडवन या नावावरून. चांदा ही गोंड राजांची राजधानी होती.