एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षात कॅज्युअल्टीचं प्रशिक्षण कसं होतं?

वॉर्डात शिकताना क्रम ठरलेला असतो: तक्रार विचारायची, तपासायचं, निदान करायचं आणि मग उपचार. कॅज्युअल्टीत हा क्रम उलटतो. तिथे आधी जीव सांभाळायचा, निदान नंतर. शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याला ही सवय लावणं, हा या प्रशिक्षणाचा मुख्य हेतू असतो.

विद्यार्थी काय शिकतो?

पहिला धडा 'एबीसीडीई'चा. श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास नीट चाललाय का, नाडी आणि रक्तदाब किती, रुग्ण शुद्धीवर आहे का, हे याच क्रमाने पाहायचं. शेवटी कपडे बाजूला करून सगळं अंग तपासायचं. सीपीआरचा सराव आधी स्किल लॅबमधल्या पुतळ्यावर होतो. रुग्णाजवळ मात्र विद्यार्थी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काम करतो. स्वतःच्या जबाबदारीवर उपचार करण्याची मुभा त्याला नसते.

खान्देशात काय पाहायला मिळतं?

जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालं. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याहून जुनं. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे अपघात हा इथला नेहमीचा विषय. मे महिन्यात उष्माघात, कपाशीच्या पट्ट्यात कीटकनाशकाची विषबाधा आणि पावसाळ्यात सर्पदंश.

प्रत्येकाची खूण वेगळी. कीटकनाशकाच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो. मण्यार रात्री झोपेत चावते आणि खूण बऱ्याचदा दिसतही नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून आलेल्या शेतमजुराच्या पापण्या जड झाल्या आहेत का, हे म्हणूनच पाहायचं असतं.

२० मिनिटांची चाचणी

घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. शिरेतलं २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी कलंडवायची. रक्त वाहिलं, तर प्रतिविष लागणार. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर निष्कर्ष चुकतो. रक्त गोठलं तरी धोका टळला असं नाही. चाचणी ठरावीक वेळाने पुन्हा करावी लागते आणि नाग किंवा मण्यारीचा दंश तिच्यात कळतच नाही.

हे वर्ष महत्त्वाचं का?

२०२१ च्या नियमांनुसार इंटर्नशिपच्या वर्षात कॅज्युअल्टीसाठी फक्त २ आठवडे आहेत. त्यानंतर बंधपत्रित सेवेत हाच डॉक्टर सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकटा ड्युटीवर असू शकतो. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्ण त्याच्याच हाती असतो.